पुस्तकमावशीची कोरडी जीभ

"ताई, थांबा. जीभ बोलली."

काचेपलीकडून कानसेनचा आवाज हेडफोनमध्ये आला आणि पुस्तकमावशीने डोळे मिटले. म्हणजे मिटायला गेली. पापण्या आतून खरखरल्या, कुणी डोळ्यांत चिमूटभर रवा टाकून वर झाकण लावावं तशा.

'जीभ बोलली' हा त्या खोलीतला वाक्प्रचार. माणूस वाचतो तेव्हा गळा बोलतो, ओठ बोलतात, त्यांनी बोलायलाच हवं. पण तोंड सुकलेलं असलं की जीभ टाळ्याला चिकटते आणि सुटताना 'चट्' करते. समोर बसलेल्या माणसाला ते ऐकूही येत नाही. माईकला येतं. माईक म्हणजे भिंतीला कान लावून बसलेली शेजारीण, तुमच्या घरात काय शिजलं नाही तेही तिला आधी कळतं. आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या त्या बुटक्या, शांत माणसाला माईकच्याही आधी कळायचं, म्हणून तर सगळे त्याला कानसेन म्हणत.

"पान पहिल्यापासून घेऊ?" तिने विचारलं.

"परिच्छेदापासून घ्या," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात पूर्वीचा सैलपणा नव्हता. सकाळपासून अडीच पानं झाली होती. एकेकाळी एवढ्या वेळात त्यांचं अख्खं प्रकरण होऊन चहा व्हायचा.

ती संस्था छोटीशी होती. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची आणि घरोघरी पाठवायची, एवढंच तिचं काम. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना खाचाखाचांचा करडा स्पंज चिकटवलेला, जमिनीवर जाड सतरंजी, मध्ये एक लाकडी खुर्ची. लाकडीच, कारण चाकांची करकरते. पंखा लावायचा नाही, त्याची घरघर रेकॉर्ड होते. खिडकी उघडायची नाही, रस्ता आत येतो. त्या बंद डबीत पुस्तकमावशी लेकीला शाळेत सोडून येऊन बसायला लागली, आणि आता लेक दुसऱ्या गावी नोकरीला लागली तरी ती बसतच होती. क्रमिक पुस्तकं वाचली, रहस्यकथा वाचल्या, एकदा तर शिलाई मशीन दुरुस्तीचं पुस्तक वाचलं आणि एका आजोबांनी ते तीनदा मागवलं. अंध मुलांच्या शाळेत ती एकदा गेली तेव्हा एका चिमुरडीने तिच्या "काय गं"वरून तिला ओळखलं आणि ओरडली, पुस्तकमावशी आली. ते नाव राहिलं ते राहिलंच.

सध्या चाललं होतं ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पुस्तक. होड्या बांधणाऱ्या एका घराण्याची सहा भागांची कादंबरी. पाच भाग तिने वाचले होते. पहिल्या भागात एक मुलगी सून म्हणून त्या घरात येते आणि सहाव्यात तीच सत्तरीची, सगळ्यांना धारेवर धरणारी म्हातारी होते. त्या बाईचा आवाज पुस्तकमावशीने भागागणिक पिकवत आणला होता. आधी पातळ, मग भरदार, मग जरा खरखरीत. वाचक फोन करून विचारायचे, सहावा कधी? आणि सहावा भाग जिभेवर येऊन अडला होता. शब्दशः.

व्यवस्थापकबाईंनी आदल्या आठवड्यात खुर्ची ओढून समोर बसत, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की त्यांच्याकडे एक नवी मुलगी येतेय, गळा छान आहे, आणि सहावा भाग तिच्याकडे दिला तर मावशींना जरा विश्रांती मिळेल. पुस्तकमावशी म्हणाली, मला विश्रांती नकोय, सहावा भाग हवाय. बाई म्हणाल्या, बरं, महिनाभर बघू. तो 'बघू' तिच्या मानेवर तेव्हापासून बसलेला होता.

तर या जिभेचा इतिहास असा, की तिच्यावर पहिला इलाज कुठल्या डॉक्टरने नाही, कानसेननेच सांगितला. वाचणाऱ्यांच्या धंद्यातला जुना उपाय. हिरवं, आंबट सफरचंद घ्यायचं, दर दोन पानांनी एक फोड चावायची. तोंडाला पाणी सुटतं, जीभ गप्प बसते. सुरुवातीला एका सफरचंदात दिवस जायचा. मग दोन लागायला लागली. मग सफरचंदाच्या जोडीला लिंबाच्या गोळ्या आल्या. आणि नाक चोंदलं की तेही माईकला कळतं, म्हणून खुर्चीत बसण्याआधी ती सर्दीची एक गोळी घ्यायची. सर्दी असो नसो. शाळेत जाताना पोरं दप्तर घेतात तशी ती ही सामग्री घेऊन निघायची आणि आपण आपल्या कामाची किती काळजी घेतो याचा तिला थोडा अभिमानही होता.

मग दातांची पडझड सुरू झाली. दात मुळाशी, हिरडीजवळ, खडूसारखे झडायला लागले. दाताचे डॉक्टर आरसा आत घालून म्हणाले, गोड फार खाता. ती म्हणाली, नाही हो, सफरचंद खाते. ते म्हणाले, आंबटही वाईटच. एक दात भरला, दुसरा भरला, तिसरा काढला. दर वेळी तेच व्याख्यान, आणि दर वेळी तिच्या तोंडात नळी, कापूस आणि त्यांची दोन बोटं. उत्तर द्यायची सोयच नाही.

डोळ्यांचे डॉक्टर वेगळेच. डोळे लाल होतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, दिव्याकडे बघवत नाही, असं तिने सांगितलं. त्यांनी विचारलं, वाचन फार आहे का? ती म्हणाली, तोच धंदा आहे. झालं, त्यांना उत्तर सापडलं. थेंब दिले, म्हणाले वाचन कमी करा. म्हणजे सुताराला सांगायचं, लाकूड कमी करा.

बोटांचे सांधे सकाळी आखडायचे. त्यासाठी घरचे नेहमीचे डॉक्टर. ते बिचारे भले गृहस्थ, तिच्या बाळंतपणापासूनचे. ते म्हणाले, वय झालं. थकवा येतो म्हटल्यावर म्हणाले, लेक लांब गेली ना, होतं असं, मन रमवा. तिघांनी तीन तुकडे घेतले, आणि बाई एकच आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आणि या सगळ्यांच्या वर एक कोरस होता, त्यात डॉक्टर, शेजारी, दुकानदार सगळे सामील. पाणी प्या. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कुठलीही गोष्ट अडली की तेल घाला या पंथाचा. तो तर दिवसातून दहादा म्हणायचा, अगं पाणी पी. ती प्यायची. घोटभर पाणी जिभेवरून असं निघून जायचं जसं गुळगुळीत फरशीवरून. क्षणभर ओलं, मग पुन्हा कोरडं ठणठणीत. बाकी त्या पाण्याचा उपयोग एकच झाला, रात्रीच्या झोपेचं खोबरं.

वरच्या मजल्यावर धाकटी नणंद राहायची. तिचं निरीक्षण दांडगं. जेवताना पुस्तकमावशी कोरडा घास पाण्याशिवाय गिळू शकत नाही, हे नवऱ्याला कळायच्या आधी नणंदेला कळलं होतं. पण निदान तिचं स्वतःचं होतं.

"वहिनी, हे सगळं लक्ष वेधून घ्यायला असतं हं. माझ्या मावससासूचं असंच होतं. कुणी बघत नसलं की छान जेवायच्या."

"मग तू बघू नकोस," पुस्तकमावशी म्हणाली. "तेवढीच मी छान जेवीन."

एकदा कानापुढे दोन्ही गाल सुजले. आरशात बघितलं तर चेहरा पेरूसारखा. घरच्या डॉक्टरांनी गालगुंड म्हणून सांगितलं. नणंदेने लगेच आपल्या पोरांचं खाली येणं बंद केलं. सूज उतरली. पुढे पुन्हा आली. पुन्हा गालगुंड. तिसऱ्या वेळी पुस्तकमावशीने विचारलं की गालगुंड माणसाला किती वेळा होतं, तर डॉक्टर हसून म्हणाले, तुम्ही पुस्तकं फार वाचता.

त्या दिवशी ती घरी आली, बाथरूमचं दार लावलं आणि रडायला बसली. सगळं जमून आलं, हुंदका आला, खांदे हलले, नाक लाल झालं. डोळ्यांतून काही आलं नाही. उलट ते असे चुरचुरले की तिला रडणं अर्धवट सोडून थेंब शोधायला उठावं लागलं. धड रडूही देत नाहीत, असं ती मोठ्याने म्हणाली. बाहेरून नवऱ्याने विचारलं, कोण? तिला सांगता येईना.

त्यानंतर थेंबांची बाटली संपली म्हणून ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली, तर नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या खुर्चीत एक डॉक्टरीण बसली होती. तिने थेंब लिहून द्यायच्या आधी टीपकागदाच्या दोन बारीक पट्ट्या काढल्या आणि एकेक टोक पुस्तकमावशीच्या खालच्या पापणीत अडकवून दिलं. डोळे मिटून बसा म्हणाली, पट्टी किती भिजते ते बघायचंय. बाई बसली, गालांवर दोन कागदी शेपट्या लोंबतायत अशी. पट्ट्या काढल्या तेव्हा टोकाची कड काय ती ओली, बाकी कागद कोरा करकरीत.

डॉक्टरीण त्या पट्ट्यांकडे बघत होती, आणि तिकडेच बघत तिने विचारलं, "तोंडही कोरडं पडतं का?"

पुस्तकमावशी हो म्हणाली. मग डॉक्टरीण विचारत गेली. कोरडा घास गिळताना पाणी लागतं? दात हिरडीपाशी किडतात? सकाळी बोटं आखडतात? कानापुढे गाल सुजतात? प्रत्येक प्रश्नाला ही हो म्हणत होती आणि प्रत्येक होबरोबर तिचा पारा चढत होता. आनंद व्हायला हवा होता, पण राग येत होता. एवढे साधे पाच प्रश्न. ते एकाच माणसाने एका दमात विचारायला इतकी वर्षं लागली.

"आणि औषधं कुठली चालू आहेत?"

"काही नाही. सर्दीची गोळी, तेवढीच."

"रोज?"

"कामाच्या दिवशी रोज. नाक मोकळं राहायला."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं की ती गोळी नाक सुकवते म्हणजे नुसतं नाकच सुकवत नाही. डोळे, तोंड, सगळीकडचं पाणी आटवते. कोरडेपणातला किती भाग गोळीचा आणि किती आजाराचा, हे गोळी चालू असताना कुणालाच सांगता येणार नाही. महिनाभर ती बंद करा, मग पुन्हा पट्ट्या लावू.

पुस्तकमावशीने आपल्याच हाताने आपल्याच आजाराला पांघरूण घातलं होतं. वर सफरचंदाने दात घासले होते. इतकी वर्षं, नेमाने, शिस्तीत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला सोललं असतं.

घरी नवरा खूश. म्हणजे गोळीच होती ना, सुटलो. नणंद म्हणाली, मी म्हणतच होते. काय म्हणत होती ते मात्र तिने सांगितलं नाही. गोळी बंद झाली, नाक चोंदलं, आणि खोलीत कानसेन म्हणाला, ताई, आज नाकही बोलतंय. व्यवस्थापकबाईंचा महिना आणि डॉक्टरणीचा महिना एकमेकांना रेटत पुढे सरकत होते. रोज सकाळी उठून ती जीभ टाळ्याला लावून बघायची. ओलावा आला तर गोळीचा दोष, काम वाचलं. नाही आला तर दुसरंच काहीतरी, पण मग आपण खोटं बोलत नव्हतो हे सिद्ध. काय व्हावं असं वाटतंय, तेच तिला ठरवता येईना. जीभ काही सुटली नाही. दुसऱ्या खेपेलाही पट्ट्या तशाच कोऱ्या निघाल्या.

डॉक्टरणीने तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. हे वयस्कर होते, सावकाश बोलायचे, आणि ऐकताना मान तिरकी करायचे. त्यांना शोग्रेन नावाच्या आजाराचा संशय होता. रक्त तपासलं. त्यात जी खूण सापडायला हवी ती सापडली नाही. पुस्तकमावशीला वाटलं, झालं, आता हेही मन रमवा म्हणणार. पण ते म्हणाले की बऱ्याच जणांत ही खूण दिसते आणि काहीजणांत आजार असूनही दिसत नाही. मग एकच मार्ग. खालच्या ओठाच्या आतून लाळेच्या बारक्या ग्रंथींचा इवलासा तुकडा काढून तपासायचा.

"ओठातून?" तिने विचारलं. "डॉक्टर, मी ओठांवर जगते. दंडातून घ्या, मांडीतून घ्या, हवा तेवढा घ्या."

"दंडाला लाळ सुटत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "छोटंसं काम आहे. दोन-तीन टाके. काहीजणांना तिथे थोडा बधिरपणा राहतो. बहुतेकांचा जातो."

"बहुतेकांचा म्हणजे?"

"बहुतेकांचा."

ती रस्त्याने घरी येताना पुटपुटत होती. प, फ, ब, भ, म. पाचही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पुस्तकातला प, बाईतला ब, मावशीतला म. ओठ बधिर झाला तर सहावा भाग म्हणजे दाताच्या दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाने वाचल्यासारखा होणार. तिने ठरवलं, आधी सहावा भाग संपवायचा, मग ओठ.

पुढचे काही दिवस तिने खोलीत जो काही प्रकार केला तो कानसेनने निमूट पाहिला. दर दोन ओळींनी घोट, दर घोटानंतर चट्. एका लांब वाक्याच्या मध्यात जीभ अशी चिकटली की शब्दच निघेना आणि खोकला लागला. खोकला थांबल्यावर तिने पुस्तक मिटलं नाही, नुसतं पालथं घातलं.

त्या रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, की नाव कळून काय फरक पडणार आहे? औषध तर डॉक्टर म्हणाले फारसं नाहीच. मग उगाच ओठ कशाला कापून घ्यायचा? त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. बिघाड दुरुस्त होणारच नसेल तर यंत्र उघडू नये, हा त्याचा धंद्यातला नियम.

"तुम्ही मला किती वर्षं पाणी पी म्हणताय?" ती म्हणाली.

"चांगल्यासाठीच म्हणतो ना."

"हो. पण मी पाणी पीत नाही म्हणून हे होतंय, असंच तुम्हाला वाटतं. मनातून. तुम्हाला, तुमच्या बहिणीला, सगळ्यांना. आणि आता तर मलाही वाटायला लागलंय. मला एकदा कळू दे की माझं काही चुकत नाहीये. ओठ गेला तरी चालेल."

तो तिच्या पुढचा पाण्याचा तांब्या उचलायला गेला, काय वाटलं कोण जाणे, तसाच ठेवला आणि म्हणाला, मी रजा काढतो, बरोबर येतो.

टाके पडले. व्यवस्थापकबाईंना तिने सांगितलं, ओठ भरेपर्यंत थांबा. बाई म्हणाल्या, थांबतोच आहोत. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि आपल्या सावकाश सुरात सांगितलं. शोग्रेनच आहे. शरीरात पहारेकरी असतात, बाहेरचे जंतू आले की त्यांना बडवायचं हे त्यांचं काम. काहीजणांत हे पहारेकरी बिथरतात. चोर सोडून घरातल्या पाणक्यालाच धरतात. डोळ्यांत, तोंडात पाणी भरणाऱ्या ग्रंथी म्हणजे तो पाणक्या. तो मार खाऊन अर्धमेला झाला, म्हणून तुम्ही बाहेरून कितीही पाणी ओतलंत तरी आत ओल राहत नाही. हेच पहारेकरी कधी सांध्यांतही धिंगाणा घालतात. थकवा त्यातलाच.

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," ती म्हणाली.

"अगदी."

"मग काढून टाका कुंपण."

"काढता येत नाही. बाहेरच्यांसाठी ते लागतंच. त्याला जरा दमात घ्यायचं, एवढंच हातात आहे."

"बरं कधी होणार?"

"बरं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "सांभाळायचं असतं."

मग त्यांनी सांभाळायचं म्हणजे काय ते सांगितलं. पहारेकऱ्यांना दमात घेणारी एक गोळी, ती डोळ्यांना बाधू शकते म्हणून अधूनमधून डोळ्यांचा पडदा तपासायचा. उरल्यासुरल्या ग्रंथींना जागं करणारी दुसरी, तिने घाम फार येतो. डोळ्यांत कृत्रिम अश्रू, लाल झाल्यावरच नाही, रोज. दातांना खास लेप. लिंबाच्या गोळ्या बंद, सफरचंद बंद. आणि गाल सुजला तो उतरलाच नाही, कुठे गाठ लागली, वजन उगाच घटलं, तर वाट न बघता यायचं, कारण क्वचित या आजारातून पुढे गाठींचं वाईट दुखणं उद्भवू शकतं. हे सांगताना त्यांनी मान तिरकी केली नाही, सरळ तिच्याकडे बघितलं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "पाणी पी असं मी परत म्हणणार नाही." आणि दहा पावलांवर, सवयीने, पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली. तहान लागली होती, त्याला काय करणार.

नाव कळलं की हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. हलकं वाटलं नाही. वाटलं ते असं, की इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत होतो तो दार उघडून समोर आला आणि म्हणाला, हो, मीच, आणि मी इथेच राहणार आहे. दाताचे डॉक्टर तर ऐकून उलट तिच्यावरच चिडले.

"तोंड कोरडं पडतं हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगणार कशी? माझं तोंड तुमच्याच हातात होतं."

वरून नणंद आली, हळहळली, आणि म्हणाली की तिच्या मावससासूलाही बहुधा हेच असावं. पुस्तकमावशी म्हणाली, असेल, आता तरी त्यांना छान जेवू दे. नणंद म्हणाली, त्या वारल्या वहिनी. मग नणंदेने विचारलं, रश्शात बुडवून दिलं तर गिळवतं का गं? पहिल्यांदाच विचारलं. हो म्हणाली ही.

ओठाला मधोमध, वाटाण्याएवढ्या जागेवर, स्पर्श कळत नव्हता. बाकी ओठ शाबूत होता. ती प-फ-ब-भ-म घोकत संस्थेत गेली, आणि दारातच तिला हेडफोन लावून बसलेला कानसेन दिसला. काचेपलीकडे, तिच्या लाकडी खुर्चीत, नवी मुलगी सहावा भाग वाचत होती.

दोन प्रकरणं झाली होती. तिने कानसेनकडून हेडफोन मागून घेतला आणि ऐकलं. वाईट वाचत असती तर बरं झालं असतं. मुलगी चांगली वाचत होती. स्वच्छ, ओला, सरळ आवाज. फक्त सत्तरीची म्हातारी तिने पिचक्या, थरथरत्या गळ्याने केली होती, जशी म्हातारी कधीच न पाहिलेली माणसं करतात.

व्यवस्थापकबाईंच्या टेबलापाशी तिने अजिबात गोड आवाज काढला नाही. तुम्ही थांबतो म्हणाला होतात, म्हणाली. बाई म्हणाल्या, वाचक थांबत नव्हते. आणि मग त्यांनीही गोडवा खाली ठेवला. "तुमच्या एका तासाच्या रेकॉर्डिंगमधले चट्चट् काढायला कानसेनला दोन दिवस लागतात. बाकीची पुस्तकं कुणी करायची? तुम्हाला बरं वाटलं की बघू."

"मला बरं वाटणार नाहीये," पुस्तकमावशी म्हणाली. "हे असंच राहणार आहे. म्हणून तर आत्ता बोलतेय. तुम्हाला आवाजाची अडचण नाही, साफ करण्याची आहे ना? मी साफ करते. मला शिकवा. माझी जीभ आहे, मी कापते."

बाईंनी कानसेनकडे बघितलं. कानसेन छताकडे बघत होता. एक प्रकरण, बाई म्हणाल्या. एक करून दाखवा, नाही जमलं तर मुलगी पुढे वाचेल. आणि मुलीची दोन प्रकरणं ठेवून देऊ, फेकणार नाही.

तर आता तिचा दिवस असा जातो. आतल्या खोलीत बसून अर्धं पान वाचायचं, पंखा बंद, गोळीने पाठीवरून घामाचे ओहोळ, आणि सगळ्या अंगाला पाणी सुटलेलं असताना तोंडात मात्र जेमतेम. मग बाहेर येऊन कानसेनच्या शेजारी स्टुलावर बसायचं. पडद्यावर तिचा आवाज डोंगररांगेसारखा पसरलेला असतो आणि मधूनमधून उभ्या काड्या. एकेक काडी म्हणजे एकेक चट्. काडी मोठी करायची, दोन्ही बाजूंनी धरायची, उडवायची, ऐकायचं. पडद्याकडे बघून डोळे भाजतात, म्हणून थेंब घालायचे, थेंबांनी पडदा धूसर होतो, तो निवळेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी तिने चारदा उठून जायचं ठरवलं. आपलाच आजार असा पिंजून, मोठा करून, पुन्हा पुन्हा कानांनी ऐकायचा, ही शिक्षा कुणाला सुचली? तिलाच.

"ही आहे ना, ही नाही निघणार," कानसेन एका काडीवर बोट ठेवून म्हणाला. प्रकरणाचं शेवटचं पान होतं. म्हातारी आपल्या मुलाला सुनावते तो संवाद. "शब्दाच्या पोटात बसलीय. कापली तर शब्द लंगडा होईल. परत वाचावं लागेल."

"परत वाचलं तर चट् दुसरीकडे जाईल."

"जाईल."

तिने ते वाक्य पुन्हा ऐकलं. म्हातारी मुलाला म्हणते, मला शिकवू नकोस, आणि 'शिकवू'च्या मध्यात जीभ टाळ्यावरून सुटते. स्पष्ट. कुणालाही ऐकू येईल असं.

"राहू दे," ती म्हणाली.

"बाईंना ऐकू येईल, ताई."

"येऊ दे. ही बाई सत्तर वर्षांची आहे, आयुष्यभर होड्यांवर ओरडून ओरडून दमलीय. तिचं तोंड कोरडं नसेल तर कुणाचं असणार? तिची तेवढी ठेवायची. बाकीच्या सगळ्यांची कापते."

"बाकीच्यांच्या चाळीस आहेत," कानसेन म्हणाला.

पुस्तकमावशीने बाटलीतून एक घोट घेतला, तो नेहमीसारखा आला तसा गेला, आणि तिने पुढची काडी मोठी केली.